उलट्या हातानं निवडलेला लॅपटॉप

भूपेशला लॅपटॉपमधलं काही कळत नाही, हे मासोळी धरणाऱ्या ढिवरांच्या सगळ्या मोहल्ल्यात एकट्या डिंपलला माहीत होतं. बाकीच्यांच्या लेखी तो कंप्युटरचा बाप होता. चंद्रपूरला कोळशाच्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात बसून तो ट्रकांचे नंबर टाकायचा, तेही एका बोटानं, आणि पुढचं अक्षर सापडेपर्यंत दुसऱ्या हातानं कान कोरत. पण गावी यायचा तो डोळ्यांवर काळा चष्मा, दोन खिशांत दोन मोबाइल आणि तोंडात "सर्व्हर डाउन आहे" हे वाक्य घेऊन. गावाला तेवढं पुरे होतं. ज्याला चार इंग्रजी शब्द येतात त्याला विषयही येतो, अशी आपल्याकडे पक्की समजूत. या एका समजुतीवर किती गाढवं घोडा म्हणून खपली, त्याची मोजदाद नाही.

भूपेश हा इस्तारीच्या बहिणीचा मुलगा आणि इस्तारी डिंपलचा बाप. म्हणजे भूपेश डिंपलचा आतेभाऊ. मामाची पोरगी आतेभावाच्याच घरात जाणार, असं इकडे लोक ती पाळण्यात असतानाच धरून चालतात. सुपारी फुटली नव्हती, कोणी तोंडानं बोललं नव्हतं, खुद्द डिंपलला तर कोणी विचारलंसुद्धा नव्हतं. तरी भूपेश घरी आला की तिची आई गोकुळा त्याच्या ताटात मासोळीचा मधला तुकडा वाढायची आणि डिंपलच्या ताटात शेपूट. डिंपल शेपूट खायची आणि समोर मचमच करणाऱ्या भूपेशकडे असं पाहायची, जसं कोणी शेणात पाय पडल्यावर चपलेकडे पाहावं.

बारावी सायन्स करून ती ब्रह्मपुरीला सिव्हिलच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात बसली होती. घरांचे, पुलांचे नकाशे आता कंप्युटरवर काढायचे होते. सोमवारपासून प्रॅक्टिकल सुरू होणार होतं, आणि लॅबमधले निम्मे कंप्युटर बंद असल्यामुळे ज्यांच्याकडे लॅपटॉप नाही त्यांनी मागं उभं राहून पाहायचं, असं सरांनी सांगून टाकलं होतं. मागं उभं राहून पाहणं म्हणजे काय ते डिंपलला माहीत होतं. पोरं माउसवर हात ठेवतात आणि पोरींना म्हणतात, थांब ना, झालंच.

तेव्हा लॅपटॉप घ्यायचा हे ठरलं. ढिवराच्या घरात लॅपटॉप कुठून, असं ज्याच्या मनात आलं असेल त्यानं ते मनातच ठेवावं. तळ्यातली मासोळी चांगली निघाली होती. रडगाणं ऐकायचं असेल तर दुसऱ्याचं दार वाजवा.

आणखी एक. डिंपलला लॅपटॉप गेम खेळायलाही हवा होता. अभ्यासाच्या आडून, चोरून, कधीमधी नव्हे. उघड हवा होता आणि अभ्यासाइतकाच हवा होता. मोबाइलवर ती असं खेळायची की गावातले पोट्टे तिच्या टीममध्ये यायला धडपडायचे. अर्थात 'चितळ' नाव घेऊन खेळणारा तो भिडू इस्तारीची पोरगी आहे, हे त्यांना कळलं असतं तर निम्म्यांनी मोबाइल तळ्यात फेकले असते. फोनच्या वीतभर काचेवर खेळून ती कंटाळली होती. आणि योग असा, की नकाशाला जे यंत्र लागतं तेच गेमलाही लागतं. वेगळं ग्राफिक्स कार्ड, भरपूर मेमरी, आत जोरात फिरणारा पंखा. तिनं व्हिडिओ पाहिले होते, सरांना विचारलं होतं, मॉडेलसुद्धा ठरवून ठेवलं होतं.

"बाबा, कोनता घ्यायचा ते मी ठरवलं हाये," तिनं सांगितलं.

"तू काऊन ठरवते? भूपेश हाये ना," इस्तारी जाळ्याचं फाटकं घर सांधता सांधता म्हणाला.

"त्याले काय समजते?"

"अवं, तो दिवसभर कंप्युटरपुढंच बसून राह्यते."

"देवळातलं कुत्रंबी दिवसभर देवापुढंच बसते."

गोकुळानं चुलीतलं लाकूड उगारलं. "जीभ आवर वं. उद्या त्याच घरी..." आणि ती थांबली. त्या घरात हे वाक्य नेहमी इथंच थांबायचं.

इस्तारीबद्दल एक सांगायला हवं. तळ्यावरची मासोळी तो आठवडी बाजारात नेऊन विकायचा. मासोळी पारखताना बाकीचे कल्ले उघडून पाहत, डोळे पाहत. इस्तारी फक्त उलटा हात पोटाला लावायचा. थंड लागली तर ठेव, कोमट लागली तर फेक. मासोळीपुरतं ते बरोबरही असेल. पण माणसाची अक्कल एका जागी चालली की तो ती सगळीकडे चालवायला निघतो. इस्तारीनं पाण्याची मोटर उलट्या हातानं घेतली, मोबाइल उलट्या हातानं घेतला. मिक्सर घेताना तर दुकानातला एकेक मिक्सर चालू करायला लावून त्यानं हात टेकवला आणि जो बिलकूल तापला नाही तो घरी आणला. तो अजूनही तापत नाही. चटणीही वाटत नाही.

शनिवारी बापलेक एसटीनं चंद्रपूरला उतरले. भूपेश स्टँडवर चष्मा लावून उभाच होता. जटपुरा गेटच्या अलीकडे एका गल्लीत त्याच्या ओळखीचं दुकान होतं. ओळख एवढीच, की त्यानं तिथून एकदा मोबाइलचं कव्हर घेतलं होतं.

काचेचं दार, आत थंड हवा, पांढऱ्या शर्टातला सेल्समन. इस्तारीच्या चपला पाहून त्यानं क्षणभर तोंड वाकडं केलं, भूपेशचा चष्मा पाहून सरळ केलं आणि तिथून पुढं तो भूपेशशीच बोलला.

"बोला सर. युज काय आहे?"

"आमच्या..." भूपेश अडखळला. बहीण म्हणायला जीभ वळेना. "आमच्या घरच्या पोरीले पायजे. स्टडीसाठी."

"कॅडसाठी, नकाशे काढायले," डिंपल म्हणाली. "आन गेमसाठी."

सेल्समन गोड हसला. "गेम घरी भाऊ खेळते वाटते?"

"मी खेळते."

सेल्समननं भूपेशकडे पाहिलं. भूपेशही हसला. "मजाक करून राह्यली ते. तुमी दाखवा."

त्यानं आणला तो लॅपटॉप पापडासारखा पातळ होता. रंग गुलाबीसर सोनेरी. दुकानातल्या दिव्याखाली तो लग्नातल्या मेकअपसारखा चमकत होता.

"गर्ल्स लोकांमध्ये हेच जास्त चालते, सर. वजनाला हलका. कलर पाहा ना."

"मले गळ्यात घालायचा नाई," डिंपल म्हणाली. "पेन ड्राइव्ह लावू द्या."

तिनं सरांकडून आणलेला नकाशा त्यात उघडायला घेतला. दोन मजल्यांचं घर, जिना, पाण्याची टाकी. पडद्यावर गोल चक्र फिरत राहिलं. मग पडदा पांढरा पडला. मग बाणही हलेना.

"पाहा बाबा. अटकला."

इस्तारीनं भूपेशकडे पाहिलं. भूपेशनं चष्मा कपाळावर चढवला, पडद्याच्या जवळ गेला आणि डॉक्टरसारखा मागं सरला. "नेट स्लो आहे."

"ह्याले नेट लागतच नाई."

"तेच तं म्हणून राह्यलो. नेट असतं तं चालला असता."

इस्तारीनं मान हलवली. त्या मान हलवण्याचा डिंपलला सगळ्यात जास्त राग आला. भूपेश बडबडणारच होता, तो जन्माला बडबडायलाच आला होता. पण बाप तिचं ऐकून मान हलवत नव्हता आणि याचं ऐकून हलवत होता.

"ह्याच्यात वेगळं ग्राफिक्स कार्ड नाई, म्हून अटकला," ती म्हणाली.

"कार्ड मी टाकून देईन मागून," भूपेश म्हणाला. "माह्यापाशी दोन मेमरी कार्ड असेच पडले हायेत."

सेल्समनला मुठीआड खोकला आला. त्याला सगळं समजत होतं. पण गिऱ्हाईक मूर्ख असणं हा दुकानदारीचा दोष नसून तिचा आधार आहे, हे तो नोकरीला लागला त्या दिवशीच शिकला असावा.

डिंपलनं मग स्वतःच बोट दाखवलं. वरच्या फळीवर तिनं ठरवलेलं मॉडेल होतं. काळा, जाड, विटेसारखा. सेल्समननं नाइलाजानं खाली काढला. पेन ड्राइव्ह लावला आणि नकाशा पटकन उघडला. डिंपलनं घर फिरवून दाखवलं, जिन्यावरून वर नेलं, टाकीपाशी थांबवलं. क्षणभर इस्तारीही वाकून पाहायला लागला. "अरे, हे तं घरात गेल्यासारखं वाटते," असं तो म्हणालासुद्धा. तिथंच थांबले असते तर काम झालं होतं. पण सेल्समनला आता महाग वस्तूचा वास आला होता. त्यानं हौसेनं एक गेम लावून दिला. धडाधड गोळ्या सुटल्या, लाल दिवे लागले, आतला पंखा सूंऽऽ करून फिरायला लागला.

इस्तारीनं उलटा हात पुढं केला आणि लॅपटॉपच्या पोटाला लावला.

"हा तं तापला."

"बाबा, काम करून राह्यला म्हून तापला. तुमी डोंगा वल्हवून आले का तुमचं आंग तापत नाई?"

"मी मानूस हाओ. मले कोनी इकत घेत नाई." त्यानं पातळ लॅपटॉपला हात लावला. तो कधीचा अटकून, झोपून, गार पडला होता. "हा पाहा. थंडगार. आवाज नाई, काई नाई."

"मेलेला हाये तो बाबा!"

"मामाजी बरोबर बोलून राह्यले," भूपेश म्हणाला. "हिटिंग इशू असते गेमिंगवाल्यात. आन पोरीच्या जातीले गेमवाला कायले? लोक काय म्हन्तीन? पोरगी शिकून राह्यली का बंदुका मारून राह्यली?"

"तुले काऊन पडली रे दादा?"

"मले नाई पडनार तं कोनाले पडन?" भूपेश असं म्हणून इस्तारीकडे पाहून मंद हसला, आणि इस्तारीही खाली मान घालून थोडा हसला. दुकानाच्या थंड हवेत डिंपलचं डोकं तापलं. तिच्या लॅपटॉपची निवड होतच नव्हती इथं. हा माणूस स्वतःच्या भावी घरासाठी सामान पाहत होता, आणि त्या सामानात ती धरलेली होती.

"चला मामाजी, चहा मारून येऊ. तोवर हा बिल बनवते. पातळवालाच फायनल," भूपेश म्हणाला. "डिंपल, तू इथीच बस. बायांजोगी जागा नाई ते टपरी."

ते गेले. सेल्समन दुसऱ्या गिऱ्हाइकाला हेडफोन दाखवायला वळला.

रडणारी पोरगी असती तर ती रडली असती. डिंपलनं इकडेतिकडे पाहिलं. खरं सांगून झालं होतं, दाखवून झालं होतं. आता ज्या भाषेत बापाला समजतं त्याच भाषेत बोलायचं. तिनं जाड लॅपटॉप बंद केला, उचलला आणि भिंतीवरच्या एसीच्या थेट खाली काउंटरवर उपडा ठेवला, पोट हवेकडे करून. पातळवाला ओढून घेतला, परत सुरू केला, ओढणीची घडी करून त्याच्या खाली घातली म्हणजे हवा जायची भोकं बंद. मग त्यावर नकाशा उघडायला लावला, दुकानाच्या वायफायवर व्हिडिओ लावले, एकावर एक, सापडेल ते. बिचारं ते गुलाबी यंत्र धापा टाकायला लागलं. धापेसाठीही त्याच्यात धड पंखा नव्हता.

सेल्समन वळला. त्यानं ओढणी पाहिली, उपडा लॅपटॉप पाहिला.

"काय करून राहिल्या मॅडम?"

"माल पाहून राह्यली."

त्याचे डोळे बारीक झाले. मग दोन्ही किमतींमधला फरक त्याच्या डोक्यात लख्ख पेटला असावा, कारण तो परत हेडफोनकडे गेला. इमानदारी अशीच असते बाजारात. भाव बरोबर लागला की तीही तुमच्या बाजूनं येते.

चहा पिऊन ते आत आले तोवर ओढणी डिंपलच्या खांद्यावर होती आणि दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी होते.

"बाबा, पैसे द्यायच्या आंधी एकदा अखीन हात लावून पाहा."

इस्तारीनं पातळवाल्याला उलटा हात लावला आणि चटकन मागं घेतला. "अरे बाप्पा! भट्टी झाली ना ह्याची!" मग जाडवाल्याला लावला. पुन्हा लावला. दोन्ही हात लावले. "आन हा थंड. मंघा गरम होता, आता पाहा. निवला. ह्याले निवता येते." तो खूश झाला. जगाचं एखादं गुपित सापडल्यासारखा तो भूपेशकडे वळला. "भूपेश, हा घ्यावं म्हन्तो मी."

भूपेशनं उलटी कोलांटी मारायला श्वासाइतकाही वेळ घेतला नाही. "मी तेच सांगनार होतो मामाजी. जाड वस्तू दमदार असते."

बिल झालं. सेल्समननं लॅपटॉप सुरू करून दिला आणि पासवर्ड टाकायला भूपेशपुढं सरकवला. भूपेश मोबाइलवर स्वतःचा फोटो काढत होता, मागं दुकानाची पाटी घेऊन. डिंपलनं पासवर्ड टाकला, लॅपटॉप डब्यात घालून डबा बंद केला.

पण स्टँडवर येईपर्यंत डबा भूपेशच्या हातात गेलेला होता. माणसं पोरीच्या हातातून सामान असं घेतात की उपकार केल्यासारखं वाटतं. एसटी लागली, लोक चढायला लागले, आणि भूपेश म्हणाला, "मामाजी, हे मी ठेवून घेतो इथी. सेटिंग करा लागते. अँटिव्हायरस टाका लागते. पुढच्या मयन्यात येईन तं आनून देईन."

"ठेव ना," इस्तारी म्हणाला. "तू जानकार."

"मयन्यात?" डिंपल खालीच थांबली. "सोमवारी प्रॅक्टिकल हाये माहं."

"अवं, घाई कायची? घरचीच गोष्ट हाये," भूपेश म्हणाला. त्याच्या मोबाइलमध्ये तोवर दुकानातल्या त्या गेमचं नाव शोधून ठेवलेलं होतं. डिंपलनं पडदा पाहिला. याला लॅपटॉप महिनाभर खेळायला हवा होता. बंदुका पोरींनी मारायच्या नसतात, ठेकेदाराच्या कारकुनानं मारायच्या असतात.

"डबा इकडं दे, दादा."

"सेटिंग..."

"पासवर्ड मी टाकला हाये."

"सांग मंग."

"नाई सांगत."

"डिंपल!" इस्तारी पायरीवरून ओरडला. "मोठ्या मानसाशी असं बोलतेत का?"

भूपेशनं चष्मा काढला. त्याचे डोळे उघडे पडले की तो फार साधा दिसायचा, चिडलेल्या बोकडासारखा. "मामाजी, म्हूनच म्हणत होतो. हा गेमवालाच लॅपटॉप हाये. दुकानात बोललो होतो ना मी. घरी नेऊन दिवसभर खेळत बसन, आन परत तापन तेव्हा तुमीच मले बोलसान."

"हो, तापन," डिंपल म्हणाली. आता आवाज खाली ठेवण्यात अर्थ नव्हता. रांगेतले लोक पाहत होते, पाहू देत. "मी खेळनार हाओ. नकाशेबी काढनार, गेमबी खेळनार, आन तो दोन्ही वेळेस तापनार. बाबा, दुकानात तो थंड लागला कारन मी बंद करून एसीखाली ठेवला होता. दुसरा मी ओढनीत दाबून तापवला. मी केलं ते."

इस्तारी पायरीवरून खाली उतरला. मागून चढणाऱ्या बाईनं त्याला ढकललं, त्याला कळलंही नाही.

"मंजे तू मले येडं बनवलं."

"हो."

"बापाले."

"खरं दाखवलं ना आंधी. तुमच्या डोळ्यापुढं अटकला तो. ह्यानं नेट स्लो म्हटलं आन तुमी मान हालवली. माह्या बोलन्यावर एकदाबी हालवली का?"

"मंजे हात लावून समजत नाई ते?" हे त्यानं इतक्या हळू विचारलं की डिंपलला क्षणभर उत्तर देऊ नये असं वाटलं. पण अर्धवट दया हा तिच्या लेखी खोटेपणाचाच एक प्रकार होता.

"नाई समजत, बाबा. यातलं तुमाले काईच समजत नाई. ह्यालेबी नाई समजत. मले समजते."

इस्तारीच्या कानशिलावरची शीर उडायला लागली. आता थप्पड बसणार, असं रांगेतल्या सगळ्यांना वाटलं, आणि निम्म्यांना ती बसावी असंही वाटलं. इस्तारी भूपेशकडे वळला.

"भूपेश, तुले समजत होतं का गा, तो काऊन तापला ते?"

"मामाजी, ते टेक्निकल..."

"समजत होतं का नाई, एवढंच सांग."

भूपेशनं चष्मा परत घातला.

"काऱ्या काचेआड तोंड लपवू नको. मी मासोळीवाला हाओ, मले नाई समजलं तं नाई समजलं. तू कायचा जानकार?" त्यानं हात पुढं केला. "आन तो डबा."

"मामाजी, घरचीच..."

"घरची हाये म्हून घरीच नेतो. आन तुही मायबी इचारन तं सांग तिले, माह्या घरून काई आनून ठेवाचं हाये असं समजू नको म्हना. डबाबी नाई आन दुसरं काईबी नाई."

कंडक्टरनं बेल मारली. डिंपलनं डबा छातीशी धरला आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. इस्तारी तिच्याजवळ बसला नाही. तो पुढं एका म्हाताऱ्या बाईच्या शेजारी बसला, आणि मूल गाव येईपर्यंत त्यानं मागं वळून पाहिलं नाही. रागावला होता, आणि त्याला रागवायचा हक्क होता. डिंपलला त्याचं वाईट वाटलं का? थोडं. पस्तावली का? अजिबात नाही.

मूलच्या पुढं गाडी जंगलाच्या रस्त्याला लागल्यावर म्हाताऱ्या बाईनं विचारलं, "त्या पोरीपाशी येवढ्या मोठ्या डब्यात काय हाये जी?"

"लॅपटॉप हाये, बाई. माही पोरगी हाये ते."

"चांगला हाये का?"

इस्तारीनं मागं वळून डब्याकडे पाहिलं. "मले नाई समजत त्यातलं. तिनं घेतला."

"काय करते त्याच्यावर?"

"घरं काढते," इस्तारी म्हणाला, आणि मग मागपर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात, कोणी हसून तर पाहा अशा सुरात, "आन गेम खेळते."